पिट्युटरीच्या गाठीत पू, आणि ताप मात्र नाही : मामांचा अनुभव, तुमचे अनुभव, प्रश्न

टेरीटॉवेल

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात आजवर फक्त वाचत आलोय, हा माझा पहिलाच धागा.

माझ्या मामांच्या पिट्युटरीत, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीत, गाठ होती आणि त्या गाठीत पू झाला होता. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास दुखणं सुरू झालं आणि निदान व्हायला जवळपास आषाढी उजाडली. मधल्या काळात त्यांच्या दुखण्याला मिळालेली नावं : चष्म्याचा नंबर, सायनस, उन्हाळा, डायबेटिसमुळे लुळी पडलेली नस आणि मेंदूज्वर. त्या त्या वेळी प्रत्येक नाव पटण्यासारखं होतं, त्यामुळे कोणावर राग काढायला हा धागा नाही.

मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघतात. वय साठीच्या आतलं, डायबेटिस आहे पण गोळीवर आटोक्यात. सुरुवातीला कपाळामागे, डोळ्यांच्या मधोमध दुखायचं. चष्मा बदलला, वाफारे घेतले. मग होळीच्या पुढे-मागे तहान वाढली. रात्री उशाला तांब्या नाही, कळशीच लागायची, आणि तेवढ्याच वेळा उठायचे. मार्चमधलं सोलापूर, त्यात मागाच्या शेडमधली उष्णता, कोण काय म्हणणार? शुगर तपासली तर मापात. पुढे तहान आपोआप कमी झाली आणि आम्ही तो विषय सोडला. पण त्याच वेळी माणूस गळून गेला. जेवण नको, बोलणं नको, दुपारी बसल्या जागी झोप. मामी म्हणायच्या, "ह्यांचं चित्त कुठं आहे कळत नाही."

मग एके दिवशी उजवी पापणी पडली. पापणी उचलून धरली की एकाचे दोन दिसायचे. डायबेटिसमध्ये असं होतं, तीन महिन्यांत येतं जाग्यावर, असं सांगण्यात आलं. पापणी जाग्यावर यायच्या आत मान ताठ झाली, उलट्या, गुंगी. अ‍ॅडमिट. पाठीतलं पाणी काढलं, त्यात पेशी वाढलेल्या, पण जंतू उगवला नाही. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड चालू केल्यावर दोन दिवसांत उठून बसले, आणि तहान परत आली, आधीपेक्षा दुप्पट. घरी सोडलं. काही आठवड्यांत पुन्हा तेच सगळं.

दुसऱ्या खेपेला वॉर्डातल्या एका ज्युनियर डॉक्टरीणबाईंनी लघवीच्या मापाचा तक्ता बघितला, पापणीकडे बघितलं आणि पिट्युटरीचा वेगळा एमआरआय मागवला. त्यात गाठ, आणि गाठीच्या कडेनं चकाकणारं कडं. पुढचं ऑपरेशन पुण्यात झालं, नाकातून. पू निघाला आणि त्यासोबत गाठीचे तुकडे.

या सगळ्यात मामांना ताप असा कधी आलाच नाही. अंगात पू, आणि थर्मामीटर गप्प. हे मला अजून पचलेलं नाही. कोणी असं पाहिलंय का?

शेंगाचटणी

बापरे. मामा आता कसे आहेत ते आधी सांगा.
आईला प्रोलॅक्टिन हे हार्मोन बनवणारी पिट्युटरीची गाठ आहे, ती आकसायला कॅबरगोलिनची गोळी चालू आहे, म्हणून वाचताना पोटात गोळा आला.

टेरीटॉवेल

बरे आहेत. पापणी उघडली, डोकं दुखायचं थांबलं. हार्मोनच्या गोळ्या मात्र कायमच्या. माग बघायला जातात, पण रात्रपाळी बंद.

मज्जातंतू

मी न्यूरॉलॉजीत काम करतो. मूळचा सोलापूरचा, सध्या बाहेर. इथं लिहिलेलं माहितीसाठी आहे, तपासणीला पर्याय नाही.

टेरीटॉवेल, तुम्ही घटनाक्रम इतका नीट लिहिलाय की बराचसा उलगडा त्यातच आहे. आधी जागा समजून घेऊ. पिट्युटरी म्हणजे वाटाण्याएवढी ग्रंथी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. ती बसते कवटीच्या तळाशी एका हाडाच्या खोबणीत. खोबणीच्या खाली पातळ हाड, आणि त्याखाली स्फिनॉइड नावाचं सायनस. वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. दोन्ही बाजूंना कॅव्हर्नस सायनस, म्हणजे रक्तानं भरलेली जागा. तिच्यातून मेंदूला रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी जाते, डोळा हलवणाऱ्या तीन नसा जातात आणि कपाळ-गालाची संवेदना नेणाऱ्या फांद्याही जातात. एवढ्या गर्दीत पू साठला की आधी त्रास होतो शेजाऱ्यांना. म्हणून रुग्ण येतो तो डोळ्याची, तहानेची नाहीतर शुद्धीची तक्रार घेऊन.

ताप का नाही? पू थोडा असतो आणि बंदिस्त असतो. पिट्युटरीत पू झालेल्या निम्म्याहून जास्त लोकांत ताप नसतोच. शिवाय आजारच दुर्मीळ आहे. पिट्युटरीच्या ज्या गाठींचं ऑपरेशन होतं त्यांत पुवाची प्रकरणं साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी. बऱ्याचदा तो चांगल्या ग्रंथीतच होतो. काही वेळा मात्र आधीपासून असलेल्या गाठीत किंवा पाण्याच्या गाठीत जंतू शिरतो, रक्तातून किंवा खालच्या सायनसमधून. गाठीच्या आतल्या भागाला रक्त कमी पडतं, काही भाग मरतो, आणि मेलेल्या भागात जंतूंचं फावतं. मामांच्या बाबतीत असंच झालेलं दिसतं.

आता तहानेचं. पिट्युटरीच्या मागच्या भागातून लघवी घट्ट करणारं हार्मोन येतं. ते कमी पडलं की लिटरच्या लिटर पाण्यासारखी लघवी होते आणि माणूस पाण्यावर पाणी पितो. याचा साखरेशी संबंध नाही. साध्या पिट्युटरीच्या गाठीत ऑपरेशनच्या आधी हा प्रकार क्वचितच दिसतो. त्यामुळे गाठ आणि अशी तहान एकत्र दिसली की पू, सूज, टीबी, दुसरीकडून पसरलेला कॅन्सर अशा गोष्टींचा विचार करावाच लागतो.

आणि मधेच तहान कमी का झाली? मला तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. शरीरातलं जास्तीचं पाणी बाहेर टाकायला कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, लागतं. ते बनवायचा हुकूम पिट्युटरीच्या पुढच्या भागातून येतो. हा पुढचा भाग निकामी होत गेला, कॉर्टिसॉल घटलं, तेव्हा लघवी कमी झाली. ती बरं होण्याची खूण नव्हती. गळून जाणं, झोप, चित्त नसणं हे त्याच घसरणीचं दुसरं टोक. मग मेंदूज्वर समजून स्टिरॉइड दिलं, कॉर्टिसॉलची जागा भरून निघाली आणि लपलेली तहान उघडी पडली.

पापणीबद्दल रात्री लिहितो, ओपीडी आहे.

बाळीवेस

ओ टॉवेलशेठ, आमच्या गल्लीतल्या एकाला असंच डोळ्याचं झालतं. २०२१ ला. काळी बुरशी म्हणले. हे तेच हाय का?

नाककानघसा

तेच नाही, पण गल्ली तीच. म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्यात आणि कॅव्हर्नस सायनसमध्ये जातो, रक्तवाहिन्या धरून पुढं सरकतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत साखर वाढलेले, स्टिरॉइड घेतलेले रुग्ण रांगेनं आले. पापणी पडणं, डोळा बाहेर येणं, गाल बधिर होणं हे तेव्हा आम्ही रोज बघत होतो. त्याचा वेग दिवसांत मोजायचा असतो. मामांचं महिने चाललं, त्यामुळं ते नव्हे. पण बुरशी हळूही वाढू शकते. अ‍ॅस्परजिलस तशीच. स्फिनॉइडमध्ये वर्षानुवर्षं बसते आणि मग हाड खाते.

स्फिनॉइडचं दुखणं कपाळावर किंवा गालावर दाबून कळत नाही. ते डोक्याच्या मधोमध, डोळ्यांच्या मागे, कधी टाळूवर येतं. नाक वाहीलच असं नाही. साध्या एक्स-रेत ते सायनस नीट दिसत नाही. "सायनसचा एक्स-रे नॉर्मल आला" याचा अर्थ फार थोडा.

कडकभाकरी

(प्रकाटाआ : प्रतिसाद काढून टाकला आहे)

बाळीवेस

भाकरीताई काय लिहून काढलात? वाचलो मी. नाकात तूप सोडा म्हणून.

कडकभाकरी

हो, सोडा म्हणाले होते आणि नाककानघसांचा प्रतिसाद वाचून काढलं. झालं समाधान?

मज्जातंतू

पापणीविषयी. मेंदूतून निघणाऱ्या नसांना क्रमांक आहेत. त्यांतल्या तिसऱ्या नसेनं पापणी उचलली जाते, बुबुळ आत, वर आणि खाली फिरतं आणि बाहुली लहान होते. डायबेटिसमध्ये या नसेच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, पण बाहुलीचे धागे नसेच्या बाहेरच्या थरात असल्यानं ते सहसा वाचतात. बाहेरून दाब आला तर उलटं. बाहुली मोठी राहते, उजेड मारला तरी आकसत नाही. म्हणून पापणी पडलेल्या माणसाच्या डोळ्यावर टॉर्च मारणं ही बिनपैशाची आणि मोठी तपासणी. तरी बाहुली ठीक दिसली म्हणून दाब नाहीच असं छातीठोक म्हणता येत नाही. डोकेदुखी सोबत असेल तर स्कॅन हवाच. सहावी नस गेली तर डोळा बाहेरच्या बाजूला जात नाही आणि लांबचं बघताना शेजारी शेजारी दोन दिसतं. दोन-तीन नसा एकदम, वर गालही बधिर, म्हणजे जागा कॅव्हर्नस सायनसच.

मेंदूज्वर परत परत येण्याचं कारण : पुवाची पिशवी थोडी थोडी पाझरते. आतला माल मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरला की मान ताठ होते, पेशी वाढतात, पण कल्चरमध्ये काही उगवत नाही. अँटिबायोटिक, स्टिरॉइड दिलं की शांत. पिशवी जाग्यावरच. एकदा झालेला मेंदूज्वर पुन्हा आला की कवटीच्या तळाला कुठं भोक, गाठ किंवा पू आहे का हे शोधायला हवं.

याहून विचित्रही वाचण्यात येतं. पुवामुळे कॅरॉटिड धमनी सुजते किंवा आवळते आणि रुग्ण येतो तो लकव्याचा म्हणून, एका बाजूचा हातपाय गेलेला. कॉर्टिसॉल घटून रक्तातलं सोडियम खाली गेलं की फिट येते किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागतो, घरचे त्याला मानसोपचाराला नेतात. पिट्युटरीच्या वर असलेल्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाला झळ लागली तर झोप, भूक, स्मरणशक्ती सगळं बिघडतं. आणि गाठीत अचानक रक्तस्राव झाला तरी डोकं फुटल्यासारखं दुखणं, उलट्या, मान ताठ, डोळे न हलणं हे असंच चित्र उभं राहतं. त्या वेळी पू की रक्त, हे कधी कधी ऑपरेशन टेबलावरच कळतं.

हुतात्माएक्स्प्रेस

वाखूसा (वाचनखूण साठवली).
पण एक शंका. एवढं सगळं डॉक्टरांना माहीत असतं तर मामांचे इतके महिने का गेले? आम्ही पुण्याला पळतो ते उगाच नाही. सकाळी सहा-साडेसहाच्या गाडीत अर्धा डबा फायली घेऊन बसलेला असतो.

मज्जातंतू

कारण एका टेबलावर कोणी सगळं बघितलं नाही. डोकं एकाकडं, तहान दुसऱ्याकडं, पापणी तिसऱ्याकडं. पुण्यातही असंच होतं, तिथं तर विभाग आणखी जास्त. सोलापुरात उन्हाळ्यात डोकं दुखणाऱ्या आणि पाणी पिणाऱ्या प्रत्येकाचा एमआरआय करा असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर साधारण दहातल्या एकाच्या पिट्युटरीत काहीतरी बारीक ठिपका सापडेल, जो आयुष्यभर कुणाला त्रास देत नाही, आणि तुम्ही नसती धास्ती विकत घ्याल.

पण डोकेदुखीसोबत पापणी पडली, दोन दिसू लागलं, कडेचं दिसेनासं झालं, साखर मापात असून रात्रभर पाणी लागू लागलं, सोडियम विनाकारण उतरलं किंवा मेंदूज्वर दुसऱ्यांदा आला, तर यातली एक गोष्टही पुरेशी आहे. आणि मेंदूचा साधा एमआरआय पुरत नाही. पिट्युटरीचे बारीक काप, कॉन्ट्रास्टसह, हे चिठ्ठीवर लिहावं लागतं. पुवाच्या गाठीत कडा चकाकतात, मधला भाग नाही. एमआरआयच्याच डिफ्युजन नावाच्या फिल्मवर मधला पू पांढरा उठून दिसू शकतो, नेहमीच नाही. हाड कुरतडलंय का ते सीटीवर.

सिस्टरअक्का

नर्स आहे, न्यूरोच्या वॉर्डात खूप वर्षं. तहान लागणारा माणूस शुद्धीत असतो तोवर स्वतःला सांभाळतो, पाणी मागून पितो. खरा धोका तो गुंगीत गेल्यावर. लघवी चालूच आणि पाणी मागणारं तोंड बंद. सोडियम भराभर चढतं. म्हणून घरच्यांनी "रात्री किती वेळा उठतात, किती पाणी पितात" हे न विचारता सांगावं. २४ तासांची लघवी एका कॅनमध्ये गोळा करायला सांगतात, ती लाजून अर्धी टाकून देऊ नये. मोठ्या माणसात ३ लिटरच्या वर गेली की आम्ही डॉक्टरला कळवतो.

डेस्मोप्रेसिन, म्हणजे लघवी घट्ट करणाऱ्या हार्मोनच्या जागी द्यायचं औषध, चालू झाल्यावर उलटी चूक होते. जुन्या सवयीनं भरमसाट पाणी पितात आणि सोडियम खाली येतं. मग डोकं दुखतं, मळमळ होते, बडबड सुरू होते. तहान लागेल तेवढंच पाणी, हे मामींना समजावून सांगा. आमच्याकडं सगळ्या बायका पेशंटला "पी रे, उन्हाळा आहे" म्हणत ग्लास धरतातच.

टेरीटॉवेल

अक्का, मामी ग्लास धरतात. आजच सांगतो.

शेंगाचटणी

माझ्या प्रश्नाचं कोणीतरी सांगा ना. कॅबरगोलिनवर असलेल्यांना हा धोका आहे का?

नाककानघसा

चटणीताई, घाबरू नका, गोळी तर स्वतःहून अजिबात बंद करू नका. बहुतेकांना काही होत नाही. पण मोठी गाठ खालचं हाड खाऊन सायनसपर्यंत उतरलेली असेल तर ती स्वतःच त्या भोकाला बुच मारून बसलेली असते. गोळीनं गाठ आकसली की बुच सैल होतं आणि मेंदूभोवतीचं पाणी नाकातून येऊ लागतं. लक्षण असं : एकाच नाकपुडीतून, पाण्यासारखं स्वच्छ, खाली वाकलं की थेंब थेंब, चव खारट. सर्दीसारखं चिकट नाही, रुमाल वाळल्यावर कडक होत नाही. असं काही वाटलं तर ते पाणी स्वच्छ बाटलीत धरून आणा. बीटा-२ ट्रान्सफेरिन ही तपासणी खात्रीची. या वाटेनं जंतू वर जातात आणि मेंदूज्वर होतो. काही जणांत तर गाठ आहे हेच त्या मेंदूज्वरामुळं कळतं. तोवर जोरात नाक शिंकरू नये.

आईची गाठ किती मिलिमीटर आहे बघा. १० च्या आत असेल तर हे सगळं वाचून विसरा.

शेंगाचटणी

६. हुश्श.

भुईकोट

मामांच्या पुवात कुठला जंतू निघाला? आपल्याकडं टीबी असणार, पैज लावतो.

टेरीटॉवेल

कल्चरमध्ये काहीच नाही. टीबीची तपासणीही निगेटिव्ह, बुरशी नाही. बायोप्सीत गाठ साधी, हार्मोन न बनवणारी, आणि तिच्यात पुवाच्या पेशी.

मज्जातंतू

निम्म्याच्या आसपास प्रकरणांत कल्चर कोरंच येतं, बऱ्याचदा आधी अँटिबायोटिक पोटात गेलेली असतात म्हणून. त्यामुळं पू एकाच बाटलीत न पाठवता साधं कल्चर, ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू, बुरशी, टीबीसाठी सीबीनॅट आणि बायोप्सी असं वाटून पाठवावं लागतं. नाकातून ऑपरेशन करण्याचं कारणही हेच की पू खालच्या खाली निघतो, मेंदूभोवती सांडत नाही. पुढं ४ ते ६ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक.

भुईकोट, पैज हरलात, पण टीबीचा विचार आपल्याकडं आधी करायचाच. आणि टीबी निघाला तर एक खाचखळगा लक्षात ठेवा : रिफॅम्पिसिन हे औषध शरीरातलं कॉर्टिसॉल भरभर संपवतं, त्यामुळं हायड्रोकॉर्टिसोनचा, म्हणजे कॉर्टिसॉलच्या जागी द्यायच्या औषधाचा, डोस वाढवावा लागतो. तसंच थायरॉइड कमी आलं म्हणून आधी थायरॉक्सिन चालू केलं आणि कॉर्टिसॉल बघितलंच नाही, तर रुग्ण कोसळू शकतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन.

डोकेदुखी, नजर, पापणी हे पुष्कळदा सुधारतं. हार्मोन क्वचितच पूर्ण परत येतात.

हुतात्माएक्स्प्रेस

खर्चाचं काय केलंत? विचारू नये, पण सगळ्यांच्या मनात तेच असतं.

टेरीटॉवेल

विचारा की. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं. रेशन कार्ड, आधार आणि निदानाचे कागद घेऊन ज्या दवाखान्यात ऑपरेशन आहे तिथल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी भेटायचं, नंतर नाही. पुण्यात राहण्या-खाण्याचा आणि आधीच्या तपासण्यांचा खर्च आमचा. हार्मोनच्या गोळ्यांपैकी हायड्रोकॉर्टिसोन सगळ्या मेडिकलात नसतं. सोलापुरात नव्या पेठेत, सात रस्त्यावरच्या मेडिकलात आधी फोन करून विचारतो आणि संपायच्या दोन आठवडे आधीच आणतो. सुट्टीच्या दिवशी गोळी संपली हे कारण चालत नाही.

कडकभाकरी

टेरीटॉवेल, मामांच्या खिशात स्टिरॉइडचं कार्ड असेल ना? त्यावर मराठीत काय लिहिलंय ते इथं टाका. माझ्या नणंदेची पिट्युटरी बाळंतपणातल्या रक्तस्रावानं गेली आहे, तिच्याकडचं कार्ड इंग्रजीत आहे आणि गावातल्या कंपाउंडरला ते वाचता येत नाही.

टेरीटॉवेल

हे घ्या. डॉक्टरांकडून तपासून घेतलंय, तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना दाखवून मगच वापरा :

"माझ्या शरीरात कॉर्टिसॉल तयार होत नाही. मी रोज हायड्रोकॉर्टिसोन घेतो. ते बंद करू नये. ताप आल्यास डोस दुप्पट. उलट्या, अपघात, बेशुद्धी किंवा ऑपरेशन असल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब शिरेतून किंवा स्नायूत द्यावे, रिपोर्टसाठी थांबू नये. डेस्मोप्रेसिनही चालू आहे. सोडियम तपासावे, सलाईन मोजून द्यावे."

खाली मामींचा आणि माझा फोन. एक मामांच्या पाकिटात, एक गाडीच्या डिकीत, एक मागाच्या शेडमध्ये मुकादमाकडं.

बाळीवेस

मागं कन्नडमधी बी लिहून घ्या की. मामा लग्नाला विजापूरला जायलेत म्हणलाव ना परवा.